हत्तींचा खंदक आणि निळी शेतं

म्हैसूरच्या आमच्या ऑफिसात भूजलाचे नकाशे व्हायचे. उपग्रहाच्या चित्रावर उतार, माती, ओढे, खडकातल्या भेगा असे थर चढवायचे. पाण्याची शक्यता जास्त तिथे निळा रंग, कमी तिथे पिवळा. सरळ रेघ दिसली की खाली पाणी धरणारी भेग असणार म्हणून आमचे साहेब खूश. निसर्गात सरळ रेघ सुम्ने येत नाही, म्हणायचे. सुम्ने म्हणजे उगीच. चामराजपुरमच्या आमच्या घरातही मराठी अशीच चालते.

सरगूरकडे जंगलाच्या कडेने अशी एक झकास रेघ होती. साहेबांनी ती भेग धरली, लगतची शेतं निळी झाली आणि कच्चा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागलासुद्धा. मग पडताळणीला मला धाडलं. जाऊन बघते तर कसली भेग नि कसलं काय! हत्ती शेतात शिरू नयेत म्हणून खणलेला खंदक तो. मी कपाळाला हात लावला. जमिनीत वीज सोडून खालचा खडक तपासला, तर तो अखंड.

खंदकालगतच्या शेतात एक म्हातारी एकटी राहायची. मुलगा म्हैसुरात सरस्वतीपुरमला मास्तर. त्याची अट तिने आल्या आल्या सांगितली: बोअरला पाणी लागलं तर राहा तिथे, नाहीतर जमीन विकून माझ्याकडे ये. तिला जायचं नव्हतं. नकाशातला निळा रंग बघून तिने जागा ठरवली होती, हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती.

"अम्मा, इथे पाणी नाही. गाडी नको म्हणून कळवा," मी म्हटलं.

"भिंतीवर तर आहे."

"तो नकाशा चुकलाय."

तिच्या हट्टापायी सगळं शेत तपासलं. कुठेच काही नाही. मला फार वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलणार?

"मगळे, तू गाडी येऊन गेल्यावर यायचं होतंस," ती म्हणाली. मगळे म्हणजे पोरी. "पाणी लागलं नसतं तरी अजून खोल जाऊ म्हणून मुलाला थोपवलं असतं. आता काय सांगू?"

मला रागच आला. अय्यो, हिचं नुकसान वाचवलं आणि वर माझंच चुकलं! तेवढ्यात तिने फोन लावून माझ्या हातात दिला. तूच सांग, म्हणाली.

मी मुलाला सगळं सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता जमीन विकून टाकू. सुटलो एकदाचा."

काय म्हणतो, असं ती हातानेच विचारत होती.