मोहाखालची झाडलेली जागा

आज पहाडीच्या पायथ्याशी ओल्या रंगाचा वास आला. वळून पाहिलं तर वाटेकडेच्या दगडावर नवा पिवळा बाण, अजून ओघळत होता. बाणाचं तोंड वर, जिकडे मी लग्न होऊन आल्यापासून जाते तिकडे. मला माझ्याच वाटेनं कसं जायचं ते आता दगड सांगतो. रंगाचा तो उग्र वास नाकात गेला आणि त्यामागून दुसरा वास आला, मोहाचा. मोह अजून फुललेला नाही, हे मला माहीत आहे. तो वास मागच्या चैताचा होता.

आमच्या गावामागची ही पहाडी काही मोठी नाही. पण तिच्यावरून एकीकडे तलाव दिसतो, तलावाखाली धानाच्या बांध्या दिसतात, आणि दुसरीकडे नुसतं जंगल. एवढ्यासाठी शहरातली माणसं रविवारी पहाटे सायकली घेऊन येतात. पायथ्याला मोठी पाटी लावली आहे, तिच्यावर चालणाऱ्यांची वाट आणि सायकलची वाट वेगळी काढून दाखवली आहे. वर सिमेंटची बाकडी आहेत. ज्या खडकावर आम्ही डोक्यावरचा भारा टेकवून दम खातो, त्याला सूर्यास्ताचा पॉइंट म्हणतात. येणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, पहाडी कोणी घरी उचलून नेत नाही. पण खाली भेटला की प्रत्येक जण विचारतो, “मावशी, वर बघण्यासारखं काय आहे?” याला काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा. मी मान हलवते आणि पुढं जाते. मग मागून ऐकू येतं, “इथली माणसं बोलतच नाहीत.” इथली माणसं पुष्कळ बोलतात. मला एकटीलाच जमत नाही.

ही पहाडी मला दाखवली माझ्या सासूनं. ती फार बोलत नसे, पण पुढं चालताना तिच्या पाठीकडं बघूनच पुष्कळ समजायचं. मोह गळायच्या आधी बायका आपापल्या झाडाखाली खराट्यानं जागा साफ करतात, म्हणजे पहाटे पडलेली फुलं पाल्यात हरवत नाहीत. आणि एकदा झाड झाडलं की त्या हंगामापुरतं ते झाडणारीचं. बाकी खूण काही नाही, कोणाला विचारणं नाही. गोल स्वच्छ जागा दिसली की समजायचं, हे कोणाचं तरी आहे. माझी सासू अशा परक्या गोलातून कधी चालली नाही. वाट सरळ त्यातून जात असली तरी ती बाजूच्या काट्यांत शिरायची, लुगडं सोडवत सोडवत पलीकडं निघायची. पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. दुसऱ्या वर्षी मीही काट्यांतून जाऊ लागले, का ते कोणी सांगितलं नव्हतं.

सासू गेल्यावर तिचं झाड माझ्याकडं आलं. वळणावरचं, वाटेला लागूनच, मोठ्या सावलीचं. त्याच्या वरच्या अंगाला आमच्या शेजारणीचं झाड. शेजारीण माझ्याहून मोठी, मी तिला बाई म्हणते. मोहाच्या दिवसांत आम्ही दोघी नेहमी बरोबर जात आलो, कारण मोहाखाली अस्वल येतं आणि एकटीनं जायची कोणाची छाती नाही. शिवाय बाई सारखी बोलते. तिच्या बोलण्यानं अस्वलही पळतं, असं माझा नवरा म्हणतो. ती माझ्या वाटचं बोलून घेते, मी तिच्या वाटचं ऐकून घेते, असं आमचं इतकी वर्षं चाललं आहे. ती सुटली तर मला पहाडी सुटल्यासारखीच.

मागच्या चैतात बाई माहेरी लग्नाला एकोडीला गेली होती. फुलं पडू लागल्याचं कानावर आलं, म्हणून मी नवऱ्याला सोबत घेऊन झाड झाडायला गेले. बघते तर माझ्या झाडाखाली लख्ख झाडलेलं. वर गेले, बाईचंही झाडलेलं. मी खराटा हातात घेऊन उभी राहिले. आदल्या हंगामात बाई हसत म्हणाली होती, “तुह्यं झाड मले दे व, माह्यं बुढ्ढं झालं.” मी तेव्हा हसले होते. आता मला वाटलं, ती हसत नव्हती. जायच्या आधी दोन्ही झाडं झाडून गेली. नवरा म्हणाला, “विचार न तिले.” विचारायचं मला जमलं असतं तर आणखी काय हवं होतं!

बाई परतली. मी तिच्या दाराकडं पाहिलं नाही, आणि तीही मला हाक मारायला आली नाही. तेव्हा तर माझी खात्रीच झाली. राहवेना म्हणून नवऱ्याच्या मागोमाग एकदोनदा वर गेले. दोन्ही झाडांखाली फुलांचा खच, कोणी हात लावलेला नाही. याचा तर मला जास्तच संताप आला. माझं झाड घेतलं ते घेतलं, वर वेचतही नाही! सुकवून सानगडीच्या बाजारात न्यायची, घरात भाकरीत घालायची ती फुलं उन्हात काळी पडत होती. ती सोन्यासारखी फुलं बघत मी कडेला उभी राहायचे आणि मनात बाईशी कडाकडा भांडायचे. मनात मला फार चांगलं भांडता येतं. मग काट्यांतून वळसा घालून खाली यायचे.

मग एका रविवारी नवरा वर जळण तोडत होता आणि मी मोळी घेऊन उतरत होते, तेव्हा माझ्या झाडाखाली सायकलवाले बसलेले. खोडाला सायकली टेकवलेल्या, फुलांवरच चादर अंथरलेली, डबे उघडलेले. त्यांतली एक तरुण पोरगी उठून माझ्याकडं आली. चेहऱ्यानं गोड होती.

“मावशी, या ना, बसा जरा. दोन-तीन आठवड्यांपूर्वी आम्हीच साफ केली ही जागा, आणि ती वरची पण. केवढा पाला होता! आता कसं, कोणालाही बसता येतं.”

मी डोक्यावरची मोळी सावरली.

“आणि ही फुलं कसली हो? किती वास येतो!”

“मोहाची,” मी म्हणाले. तिनं माझ्या हातात दोन बिस्किटं ठेवली. मी ती घेतली. तिच्यावर रागवावं तर तिनं चांगल्या मनानं केलेलं. न रागवावं तर ती माझा सगळा हंगाम चादरीखाली घालून बसलेली. एवढं सगळं पोटात असताना माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, तोही फुलाचं नाव. मला माझाच इतका राग आला की मोळी अंगणात टाकली आणि पदरही न सावरता सरळ बाईच्या घरात शिरले. ती सुपात तांदूळ निवडत होती.

“बाई, तू माह्यं झाड झाडलं नाही न?”

“मी?” तिनं सूप खाली ठेवलं. “तूच दोन्ही झाडून मोकळी झाली न व! मी लग्नाले काय गेली, तुले तर रानच मोकळं झालं.”

“मी नाही. सायकलवाल्यायनं झाडलं.”

“त्यायले फुलं कायले पाहिजे?”

“फुलं नाही. बसाले झाडलं.”

“बसाले?” बाई माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. “एवढ्या दुरून सायकल चालवत येतेत, बसाले? घरी खाटा नाहीत का त्यायच्या?”

मला हसू आलं, आणि हसतानाच रडूही. बाई मात्र अजून तापलेलीच होती.

“आन् तू इतके रोज काहून नाही बोलली? तोंड शिवलं होतं का?”

“तू काहून नाही बोलली? तू तर दिवसभर बोलते.”

“मी कायले बोलू? तू माह्यं झाड घ्यावं आन् मीच तुह्या दारात यावं?” मग तिचा आवाज खाली आला. “माह्या झाडाखालची फुलं तशीच पडून होती. मी म्हटलं, पाहा हिचा माज, वेचूनही नाही राहिली.”

“मीही तेच म्हटलं.”

“तू एकही नाही उचललं?”

“तुह्यं समजत होती न मी. कशी उचलू?”

“मी तरी कशी उचलू व,” बाई म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेऊन किती वेळ नुसतेच तांदूळ हलवत बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वर गेलो. झाडं जवळजवळ रिकामी झाली होती. खाली फुलांचा काळा चिकट थर, त्यावर मुंग्या, मधून सायकलींच्या चाकांचे पट्टे. पुढच्या वर्षी झाडाला चिंधी बांधू, असं बाई म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “चिंधी पाहून तं फोटोच काढत बसतीन.” ते खरं होतं. ज्यांना गोल जागा वाचता येत नाही त्यांना चिंधी तरी काय सांगणार, आणि मी तर काहीच सांगणार नाही. पाटीवर सगळ्या वाटा काढल्या आहेत, त्यांत काट्यांतून वळसा घालणारी वाट नाही. आमच्यामागून ती कोणाला ठाऊक असेल, देव जाणे. वाया गेलेल्या फुलांकडं बघून माझा जीव जळत होता, आजही जळतो. पण ज्या दिवसांत आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो, वर पहाडीवर बघणारंही कोणी नव्हतं, त्या दिवसांतली ती फुलं होती. तरी दोघींपैकी कोणी त्यांतलं एकही उचललं नव्हतं.

बाईनं खराटा उचलला आणि ती आपल्या झाडाकडं न जाता माझ्या झाडाखाली शिरली. “जा, तू माह्यं झाडून ये,” ती म्हणाली. आता तिथं पडायचं काही उरलं नव्हतं. तरी मी वर गेले आणि तिची जागा कडेपर्यंत झाडून काढली. खालून तिच्या खराट्याचा आणि बोलण्याचा आवाज येत होता.