लाल रेघांखालचं पत्र

"वहिनी, आई कोर्टात झाडू मारायची, हे कशाला लिहिलंत?"

अमेरिकेत, श्रूजबरीतल्या एका बेसमेंटमध्ये, वीसेक माणसांसमोर वकीलकाकांनी हे विचारलं. हातात माझं पत्र. वूस्टरच्या एका लॉ फर्मला कागदपत्रं तयार करणारी मदतनीस हवी होती. हेच काम का करायचंय, ते एका पानात लिहा, असं त्यांनी मागितलं होतं. वकीलकाका त्याच फर्ममधले. मराठी माणसांची अशी पत्रं ते फुकट तपासून देत. चहाबरोबर, मोठ्यानं वाचून.

मी त्यांना काका म्हणत होते. माणूस माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण सगळे म्हणतात ना, मग मीही. चव्वेचाळीस वर्षांची घोडी, कडक इस्त्रीची साडी, आणि 'हो काका, हो काका'. आज त्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

"इथले लोक आपल्याबद्दल काय समजतील?" काका म्हणाले.

आपल्याबद्दल. त्या 'आपल्या'त मी पहिल्यांदाच बसत होते, तेही खोडण्यापुरती.

एका काकूंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही...?" आणि वाक्य तिथंच सोडलं. कप खाली ठेवला. चकल्यांची ताटली माझ्याकडे येता येता वळली. वळली, की मला तसं वाटलं? भीतीला तेवढंही पुरतं.

काकांनी लाल पेनानं आईचा अख्खा परिच्छेद खोडला. वर लिहिलं, 'न्यायाची ओढ आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे.'

"थँक यू काका," मी म्हणाले. थँक यू.

खोडलं ते काय होतं? आई तालुक्याच्या कोर्टात बावीस वर्षं झाडायची. साहेब यायच्या आत बाहेर पडायचं. माठाला हात लावायचा नाही. टोपलीतले फाटके कागद ती घरी आणायची. त्यांवरच मी वाचायला शिकले. बाकीची पोरं कमळ, बदक वाचायची. मी वादी, प्रतिवादी. आई रोज विचारायची, "बघ गं, यात आपलं नाव आहे का?" नसायचं. ज्याचं नाव टाइप होतं त्याचंच ऐकून घेतात, असं तिच्या मनानं घेतलं होतं. मला ती नोकरी हवी होती ती एवढ्यासाठीच. नावं टाइप करायला.

नवं पत्र गेलं. लाल रेघांचं पान मी घडी करून पर्समध्ये ठेवलं. का, ते विचारू नका. फाटके कागद जपायची सवय आईचीच.

इंटरव्ह्यूच्या खोलीत एक गोरी बाई होती. शेजारी वकीलकाका. ते असतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पर्स मांडीवर घट्ट धरली. बाईनं पत्र वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "पिढ्यान्‌पिढ्या? म्हणजे घरात वकील होते, की न्यायाधीश?"

काकांनी डोळ्यांनीच खुणावलं. हो म्हणा.

एक 'हो' म्हटलं असतं तर आई जज्ज झाली असती. नोकरीही मिळाली असती. मग मी रोज जज्जाची लेक म्हणून त्या ऑफिसात शिरले असते आणि रोज, कोण ओळखेल म्हणून, जीव मुठीत धरून बसले असते. या दुसऱ्या भीतीनं बेसमेंटमधल्या पहिलीला मागे ढकललं. शौर्यबिर्य काही नव्हतं हो.

पर्सची चेन दोनदा अडकली. शेवटी पान निघालं. बाईपुढे ठेवलं. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हे माझं पत्र. लाल रेघा यांच्या. माझी आई कोर्ट झाडायची."

काका मराठीत पुटपुटले, "वहिनी, लाज काढलीत आमची."

"माझी तुम्ही बेसमेंटमध्येच काढली होती," मी म्हणाले. काका म्हटलं नाही.

नोकरी मिळाली नाही. गणपतीची बोलावणी आटली. दीड वर्षानं दुसरीकडे काम लागलं, घरातून काढलेल्या भाडेकरूंच्या केसेसचं. अठरा वर्षं मी त्यांची नावं टाइप केली. प्रत्येक नाव दोनदा तपासून.

गेल्या आठवड्यात नातीचं अर्जाचं पत्र आलं. सांता क्लाराला लॉ शिकते, मोठ्या फर्म्सना अर्ज करतेय. फोनवर म्हणाली, "आजी, चेक कर ना. पणजीबद्दल लिहिलंय. इज इट टू मच?"

वाचलं. कुठल्या फर्ममध्ये कोण बसलं असेल? आडनाव वाचून कोण कप खाली ठेवेल? पेन उचललंही होतं. खोडायलाच.

तिनं नुसतं 'माझी पणजी' लिहिलं होतं. त्याच पेनानं मी तिथं आईचं नाव घातलं. कोंडाबाई. पुढे आडनावही. पान परत पाठवलं, खाली एक ओळ लिहून: यातलं एक अक्षर कुणाला खोडू देऊ नकोस. मलाही नाही.