बोगद्याला पोर लागते म्हणे

माझा नातू कामासाठी चीनमधल्या एका मोठ्या शहरात राहतो. परवा त्याचा फोन आला, तो तोंड दिसतं तसला. गाडीत उभा होता. म्हणाला, "आजी, ओळख, मी कुठे आहे?" मी म्हटलं, गाडीत आहेस, दिसतंय की. तर म्हणतो, "आत्ता माझ्या डोक्यावरून नदी वाहते आहे. वर बोटी चालल्यात आणि आम्ही खालून मेट्रोने पलीकडे निघालोय." त्याच्या शेजारी एक बाई पोराला निवांत केळं भरवत होती. मी म्हटलं, "आधी बाहेर ये बाबा, मग बोलू." तो हसला. हसणारच. नदीखाली अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, हे त्याला कुठे ठाऊक?

मी फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण सुरुवात शिपायापासून. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं ठाण्यात बसून शिकले. सत्तरच्या दशकातली, दुष्काळ नुकता सरला होता तेव्हाची गोष्ट. धुळ्याच्या मुख्यालयात आम्ही मोजक्या बायका होतो. तालुक्याला कुठे बाईमाणसाची चौकशी निघाली की आमच्यातल्या एकीला एसटीत बसवून देत. तशी मी साक्री तालुक्यातल्या एका ठाण्यावर आले होते. एका बाईला कोर्टात हजर करायचं होतं, ते झालं होतं, आणि परतीच्या गाडीची वाट बघत मी ठाण्यातच बसले होते.

त्या भागात तेव्हा कालव्याचं काम चाललेलं. धरणाचं पाणी पुढच्या शेतांना न्यायचं, तर मधे नदी आडवी. म्हणून कालवाच नदीच्या खालून काढायचा ठरला. साहेब लोक त्याला सायफन म्हणत, गावाने नाव ठेवलं बोगदा. अर्ध्या पात्रात मातीचा बांध घालून पाणी पलीकडे वळवलं होतं आणि अलीकडच्या खड्ड्यात सिमेंटचा बोगदा बांधत आणला होता. मजूर सातपुड्याच्या पायथ्याचे, बायकापोरांसकट आलेले. गावातले म्हणत, नदीच्या पोटात शिरायचं म्हणजे ती काहीतरी मागणारच. बोगद्याला पोर लागते म्हणे. मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. पूल म्हणा, धरण म्हणा, प्रत्येक कामावर असलं काहीतरी बोलतातच.

तर सकाळी एक माणूस आला. चाळिशीचा, डोक्याला टोपी, डोळे लाल. अहिराणीत म्हणाला, "मन्ही पोर कालपाईन घर नही ऊनी."

ठाणे अंमलदार जुने हवालदार होते, सगळे त्यांना नाना म्हणत. पोर कालपासून घरी आलेली नाही म्हटल्यावर नानांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. वय? दहा-अकरा. रंग? सावळा. कुठे दिसली शेवटची? नदीकडे. अंगावर काय होतं? माणूस जरा थांबला आणि म्हणाला, "हिरवं लुगडं." नानांनी मान डोलावली आणि बेपत्ताची नोंद केली. मीही ऐकलं. चहाचा कप होता हातात, कानावरून गेलं ते.

तासाभरात गावातला दुकानदार शेठ सायकल हाणत आला. घरचे मूळ राजस्थानातले, पण तीन पिढ्या इथल्या, बोलणं आपलंच. फौजदारसाहेबांच्या टेबलाला खेटून हळूच म्हणाला, "साहेब, नाव माझं घेऊ नका. बोगद्यावरचा मुकादम परवा माझ्या ओट्यावर ठेकेदाराच्या माणसाला काय म्हणाला, माहीत आहे? म्हणाला, डोकी कमी पडतात, नदीतलं काम अडलंय, कुठूनही डोकी आणा. मी या कानांनी ऐकलं. आणि आज पोर नाही."

साहेब तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी जीप पाठवून मुकादमाला उचलून आणलं. दारं लावून चौकशी सुरू झाली. डोकी म्हणजे काय, कोणाची डोकी, आणलीस का? मुकादम आधी बुचकळ्यात पडला, मग रडकुंडीला आला. "साहेब, डोकी म्हणजे मजूर हो. गडी. आम्ही माणसं नाही मोजत, डोकी मोजतो. दहा डोकी घमेल्यावर, पाच डोकी खडीवर."

नाना पुटपुटले, "आपणही बंदोबस्ताला तेच म्हणतो की, साहेब. डोकी किती पाठवू."

साहेबांना हसू आलं, मलाही आलं. आणि तेवढ्यात पोलीस पाटील धापा टाकत आत शिरला. म्हणाला, मुकादमाला धरलं हे गावात कळलं, लोक म्हणतात गुन्हा शाबीत झाला, बठ्ठं, म्हणजे सगळं गाव नदीवर गेलंय.

आम्ही पाच-सहा जण जीपमधे कोंबून बसलो. नदीवर पोहोचलो तर काठ माणसांनी काळा झालेला. काठ्या, कुऱ्हाडी, दगड. मजूर कुठेच दिसेनात. मग कळलं, जमाव पाहून ते सगळे बायकापोरांसकट बोगद्यात शिरले होते. पुढचं तोंड अजून बंद, बाहेर यायला वाट एकच, खड्ड्यातून. आतून एक तान्हं पोर रडत होतं आणि तो आवाज सिमेंटमधून घुमून असा येत होता की नदीच रडते आहे असं वाटावं. आणि त्या खड्ड्याच्या वर, मातीच्या बांधावर, टिकाव घेऊन तो सकाळचा माणूस उभा होता. मुलीचा बाप. त्याने बांधाला खाच पाडली होती. पाणी अजून आलं नव्हतं, पण माती ओली दिसायला लागली होती.

"पोर द्या," तो ओरडत होता, "नहीतं बठ्ठासले बुडाडी टाकस."

बांध फुटला असता तर घटकाभरात खड्डा भरला असता आणि त्यानंतर बोगदा. आत किती जीव होते, देव जाणे. साहेबांनी पिस्तूल काढलं, पण चालवणार कोणावर? ज्याची पोर गेली त्या बापावर? मला म्हणाले, "बाई, आई कुठे आहे बघा. त्याला आईच थांबवेल."

आई वाळूत बसली होती. आवाज गेलेला, नुसती डुलत होती. चार बायका भोवती. शेजारी तिची नणंद छाती पिटत होती, तिचा सूर सगळ्यांच्या वर. मी आईच्या पुढे उकिडवी बसले. अशा वेळी नवऱ्याला थांबव म्हणून सांगितलं तर बाई काही ऐकत नाही. तिला तिच्या लेकराबद्दल विचारावं, म्हणजे ती डोळे वर करते. मी म्हटलं, "अक्का, पोरीच्या अंगावर काय होतं, सांग. आमची माणसं शोधतायत."

"परकर," ती म्हणाली. "निया परकर. फाटेल. मीच टाका घाली दिन्हा व्हता."

"निळा परकर? हिरवं लुगडं नव्हतं?"

मी वेडी असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "लुगडं? एवढीशी पोर. तिले लुगडं कोन नेसाडी?"

आणि बोलता बोलता ती थांबली. मीही थांबले. आमच्याकडे एवढ्या पोरीला पहिलं लुगडं कधी नेसवतात, आणि तेही हिरवं, हे बाईला सांगावं लागत नाही. नानांनी ते ऐकलं आणि लिहून मोकळे झाले, पुरुषाला कपडा तो कपडा. पण ज्याने सांगितलं त्याने डोळ्यांनी शेवटचं जे पाहिलं तेच सांगितलं होतं. शेजारी छाती पिटणारी नणंद थांबली होती, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

आई उठली. मी तिला धरलं नाही. ती गर्दीतून सरळ बांधावर चढली, नवऱ्यापुढे उभी राहिली. आवाज गेलेला तरी सगळ्या काठाला ऐकू गेलं.

"लुगडं कथाईन उनं?"

तो म्हणाला, "काय?"

"पोरले हिरवं लुगडं कोनी नेसाडं?"

त्याने टिकाव टाकला नाही, मारलाही नाही. तो तसाच धरून खाली बसला. तेवढं पुरेसं होतं. साहेबांनी त्याला धरलं, पोलीस पाटलाने चार गडी घेऊन खाचेत माती दाबली. जमाव कसा पांगला त्याचं मला अजून नवल वाटतं. कोणी माफी मागितली नाही. काठ्या खांद्यावर टाकून, शेतातून परत निघाल्यासारखे निघून गेले. बोगद्यातून बायका एकेक करून बाहेर आल्या, मुकादमाची बायको सगळ्यात शेवटी.

ठाण्यात बापाने सगळं सांगितलं. मारावं लागलं नाही. त्याच्या धाकट्या भावाला कोणी मुलगी देत नव्हतं, दारूमुळे. दोंडाईच्याकडच्या एका घराशी साटंलोटं ठरलं: तुम्ही आमच्या माणसाला मुलगी द्या, आम्ही तुमच्या भावाला देतो. तिकडचा नवरा बिजवर, बापाच्याच वयाचा. आई तयार होणार नव्हती, कारण तिची थोरली अशीच लहानपणी दिलेली आणि पहिल्या बाळंतपणात गेलेली. म्हणून बाप आणि आत्या, म्हणजे नदीवर छाती पिटणारी तीच नणंद, मुलीला बाजाराला म्हणून घेऊन गेले, लग्न लावून परत आले. गावात बोगद्याची बोंब आयती होती.

साहेबांनी विचारलं, "अरे, पोर जिवंत आहे हे तुला ठाऊक होतं. मग बांध का फोडत होतास?"

तो म्हणाला, "बठ्ठा देखी राहिंतात, साहेब. बापनं काहीतरी करं पाहिजे ना."

सगळे बघत होते म्हणून. तीस वर्षं नोकरी केली, खुनाचे, दरोड्याचे जबाब ऐकले, पण हे वाक्य ऐकून मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. साहेब मागोमाग आले.

दुसऱ्या दिवशी आईला जीपमधे घेऊन दोंडाईच्याकडे गेलो. पोर अंगणात भांडी घासत होती. आईला बघून आधी हात धुतले, मग रडली. नवऱ्याकडची माणसं कायदा शिकवू लागली, साहेबांनी त्यांना गप्प केलं. निघताना पोर आईला म्हणाली, "मी ऊनू ना, तवय याच घरमाईन एक पोर रडत गयी."

ती आली तेव्हा त्याच घरातून दुसरी एक पोर रडत बाहेर पडली होती. साटंलोटं म्हणजे मुली दोन, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? आदल्या दिवशी बापाच्या तोंडून ऐकलं होतं. पण हरवली होती एकच. दुसरीचे आईबाप घरात होते, वऱ्हाड जेवून गेलं होतं, कोणी ठाण्यावर आलं नव्हतं.

ती दुसरी आत्याच्या गावी सापडली. तेराची असेल फार तर. बापाच्या धाकट्या भावालाही तिथेच ठेवलं होतं, गावात बोभाटा नको म्हणून. चुलीजवळ बसली होती, पोलीस बघून घाबरली नाही. माझ्या खाकी साडीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, मन्हीबी तक्रार कोन्ही करी का?"

तिच्यासाठी तक्रार कोणीच केली नव्हती. बालविवाहाच्या कायद्यात तेव्हा पोलिसांना आपणहून हात घालता येत नसे. कोणीतरी कोर्टात फिर्याद द्यावी लागे, आणि हिच्या बाजूने द्यायला होतं कोण?

दारात स्वतःच्या लेकीचा हात धरून आई उभी होती. म्हणाली, "मी करस."

आणि तिने केली, स्वतःच्या दिराविरुद्ध. दोघी पोरींना घेऊन ती माहेरी गेली. साक्षीला मी होते. शिक्षा व्हायची तेवढी झाली, म्हणजे थोडीच. नवऱ्याच्या गावात ती पुन्हा नांदली नाही.

ती केस मला काय शिकवून गेली, असं नव्या पोरी विचारतात. मी सांगते, बोगदा, जमाव, टिकाव हे सगळं पेपरात येतं, ते विसरा. हरवल्याची तक्रार घ्यायला बसाल तेव्हा समोरच्याचं सगळं लिहून घ्या, पाणी द्या, आणि मग आणखी एक विचारा: या घरात, नात्यात नवीन कोण आलं? उत्तर द्यायला ज्याला वेळ लागतो, त्याच्या घरी आधी जा.