"गावात सोड" म्हणालो आणि फसलो

मंडळी, आज एका रिक्षावाल्याला मी पेचात पाडलं.

बऱ्याच वर्षांनी भुकूमला गेलो होतो. पौड रस्त्यावर, फाट्याला एसटीतून उतरलो आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "गावात सोड."

"आजोबा, गावातच हाय की तुमी!"

साठच्या दशकात, माझ्या लहानपणी, या फाट्यावर चहाची एक टपरी तेवढी होती. किराणा, न्हावी, शिंपी सगळे आत, देवळापुढच्या चौकात. त्यालाच आम्ही गाव म्हणायचो. मग एसटी फाट्यावर थांबायला लागली. आधी शिंप्याने मशीन तिकडे हलवलं, त्याच्यामागून किराणा गेला, मग न्हावी. कुणी ठरवून काही केलं नाही.

शेवटी चालतच चौकात पोचलो. दुकानं नाहीत, नुसत्या गाड्या लावलेल्या. सदातात्या दारात चपला घालत होते. त्यांचा सारा जन्म याच चौकात गेला.

म्हटलं, "तात्या, तुम्हाला भेटायला मुद्दाम गावात आलो."

"बरं केलंस. जरा बस हितं," तात्या म्हणाले, "मी गावात जाऊन दाढी करून येतो."

आणि फाट्याकडे चालू लागले.

तुमच्याकडे 'गावात जातो' म्हणून निघालेला माणूस आता कुठे जातो?