खाच दुसरी आणि चौथी

रेडिओकाकांनी उभ्या आयुष्यात शेकडो रेडिओ बोलते केले, पण निवृत्तीनंतर घरचा मिक्सर दुरुस्त करायला घेतला आणि अख्ख्या घराचे दिवे घालवले. मुलाने त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. तेव्हापासून काका एकच वर्तमानपत्र उलटसुलट वाचत दिवस ढकलत होते आणि सगळ्यांच्या पायात कडमडत होते.

पेटी खाली काढली ती सुनेने. ती घरबसल्या कार्टूनपट बनवायची आणि तिचा कॉम्प्युटर सारखा अडखळायचा. तिने रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन नव्या पट्ट्या आणल्या आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच बसवा. ह्यांना एवढ्यात सांगू नका." काकांनी पट्ट्या चुटकीसरशी बसवल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, पण पट्ट्यांच्या खोक्यावर वेग बत्तीसशे आणि पडद्यावर एकवीसशे!

"फसवलं लेकाच्याने!" म्हणत काका तावातावाने दुकानात गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, खोक्यावरचा वेग आपोआप मिळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो." काका घरी परतले. सेटिंग बदललं, तर पडदा काळाठिक्कर. काकांनी पेटीकडे पाहिलं. आता पेटी पुन्हा माळ्यावर जाणार, आणि या वेळी कायमची. थोड्या वेळाने कॉम्प्युटर आपणहून जागा झाला, पण पुन्हा जुन्याच वेगावर.

सून मदरबोर्डचं माहितीपुस्तक घेऊन आली. "बाबा, दोनच पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या, असं लिहिलंय. आपण पहिल्या दोन खाचांत लावल्यात." काकांनी तोंड वाकडं केलं, पण कॉम्प्युटर बंद करून पट्ट्या हलवल्या. सेटिंग पुन्हा चालू केलं. बत्तीसशे! सुनेने सासऱ्यांना चक्क टाळी दिली.

नेमका तेवढ्यात मुलगा आला. पेटी बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सून सावरायला पुढे झाली, पण काकाच बोलले, "आधी मी चुकीच्या खाचेत बसवल्या होत्या. हिने वाचून सांगितलं म्हणून जमलं."

बापाने चूक कबूल केल्याचं मुलाने जन्मात ऐकलं नव्हतं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "बाबा, माझाही लॅपटॉप रखडतोय. रविवारी बघाल?"

"रविवार कशाला? आण आत्ताच," काका म्हणाले, आणि भरून आलेले डोळे दिसू नयेत म्हणून आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळत बसले.