बिटाचं समजून

नाताळच्या आधीच्या आठवड्यात मी कामावरून घरी आले, तर साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "शेजारीण लई गुणाची हाय गं. बिटाचं कायतरी दिलं, काळ्या पावावर, वर कांदा. दोन खाल्ले मी. ताट मोकळं कसं द्यायचं, म्हून बेसनाचे लाडू घालून दिले."

उरलेला तुकडा फ्रिजमध्ये होता. मी वास घेतला. ते बीट नव्हतं.

शेजारीण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनहून लग्न करून इथे, आयर्लंडमधल्या ट्रलीला आलेली. तिचे जर्मन पूर्वज तिकडे नाताळात कच्चं गोमांस बारीक करून, मीठ-मिरी घालून पावाला लावत. तीही दर वर्षी करते. हे तिनं मला आधीच सांगितलं होतं, आणि मीच ऐटीत म्हटलं होतं, "आम्ही सगळं खातो." आम्ही म्हणजे मी आणि नवरा, तेही चिकनपुरतं! पण नव्या गावात सोवळेपणा कशाला दाखवा? नको तिथला शहाणपणा भोवला.

सासूबाई जन्मात अंड्यालाही शिवल्या नव्हत्या. त्यात संधिवाताच्या औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली. कच्चं काही खाऊ नका, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा म्हणाला, "आईला सांगू नकोस, ती अन्नपाणी सोडेल. आपण लक्ष ठेवू." खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मी मुळातच भित्री.

मग तीन दिवस मी त्यांच्या कपाळाला हात लावायची निमित्तं शोधत होते. त्या सकाळी अंघोळ करून देवापुढे बसत, तेव्हा मी दारात उभी राहून त्यांच्या श्वासाकडे कान लावायचे. त्या नुसत्या खोकल्या तरी मी हातातलं काम टाकून धावायचे. त्यांना वाटलं, सून मायाळू झाली.

चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले, ताप चढला. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी सासूबाईंकडे न बघता इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. त्यांना इंग्रजी येत नाही याचा त्या क्षणीही मला आधार वाटला, याची आज लाज वाटते. सांगितलंत ते बरं केलंत, असं म्हणून बाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि सलाईन लावायला सांगितलं. वाचतील ना, एवढं विचारायचंही धाडस मला झालं नाही.

सगळे गेल्यावर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. हात भाजत होता.

"बीफ म्हंजे काय, एवढं कळतंय मला. तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

त्यांनी माझं मनगट सोडलं.

"मरायचं काय न्हाई गं. पर ह्या हातानं रोज देवाला फुलं वाहू दिलीस तू?"