घोंगडीतला कंप्युटर

मेंढराचं दात बघून वय सांगावं तर आटपाडी तालुक्यात मीच. कंप्युटरला दात नसत्यात, हे मला जुना कंप्युटर घरात आणून ठेवल्यावर कळलं.

कळवलं सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुरुस्तीवाल्यानं. बारकी अंगलट, कानावर पेन्सिलीवाणी स्क्रू-ड्रायव्हर. तुमी काय बी सांगा, गडी तो कानावरनं काढायचा आन् म्हणायचा, "आत काय हाय ते आधी बघू." च्या दिला तरी कपात डोकावूनच प्यायचा. तुमी बी असा एखादा बघितला असंल.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असंल. आमी सांगलीत ऱ्हायचो. मी टेम्पो चालवायचो, पोरगी घरात लोकांचं टायपिंग करायची. एका प्राध्यापकाच्या पुस्तकाची दोनशे पानं तिनं टाईप केली हुती, आठ दिसांत द्यायची हुती. आन् कंप्युटर अर्ध्या तासात बंद पडाय लागला.

"म्हातारा झालाय. मोडीत घालायचा," मी निकाल दिला. पोरगी बाजारात गेल्याली बघून डबा टेम्पोत घातला आन् दुकान गाठलं.

"ह्यो घ्या, नवा द्या."

नवा इकला तर त्याचाच फायदा. पर स्क्रू-ड्रायव्हर कानावरनं निघालाच. "आत काय हाय ते आधी बघू, पाव्हणं."

डबा उघडला. आतल्या पंख्यातनं त्यानं चिमट्यानं काळ्या लोकरीचा ह्यो एवढा गोळा ओढला.

"कातरायला आणलाय व्हय?"

आता काय सांगायचं? धूळ बसू ने म्हणून मी त्याच्यावर घोंगडी टाकायचो. चालू असताना बी. पोरगी काढायची, मी परत टाकायचो. हात लावला की गरम लागायचा. मला वाटायचं, बरं हाय, ऊब धरलीया.

"पोरीनं टाईप केल्यालं कुठं हाय?"

"ह्याच्यातच."

"आणिक कुठं?"

"आणिक कुठं असणार?"

"आन् तुमी ह्यो मोडीत घालाय निघालाय?"

मेंढरू इकलं की पाठीवरची लोकर बी जाती, एवढं मला कळतं. हितं मात्र टकुऱ्यात उजेड पडाय येळ लागला. पडला तवा त्याच्याच स्टुलावर बसलो.

त्यानं आधी सगळी पानं फ्लॉप्यांवर उतरून घेतली. मग पंखा बदलला, रॅम वाढवली. "नवा कशाला? ह्योच पळंल अजून." पोरीला काय बी सांगू नका म्हणलो, तर हसला नुसता. पुस्तक येळेत गेलं.

पुढं दुकान कायमचं बंद करून गडी लेकीकडं कोरेगावला निघाला. आदल्या दिशी आमच्याकडं आला; पोरगी त्याला आता काका म्हणायची. पंख्यामागं तळहात धरून वारा बघितला. मग कोपऱ्यातली घोंगडी उचलून माझ्या खांद्यावर टाकली. "ही तुमाला शोभती, पाव्हणं." डोळं पुसाय मी घोंगडीचंच टोक धरलं. लोकर डोळ्यात गेली, ते निराळंच.

आता त्या दुकानात चपला मिळत्यात. कंप्युटर मात्र पळतोय. परवा शेजाऱ्याला दावत हुतो, "लोक नवा घ्या म्हणत हुती. मी वाचवला ह्यो."

आतनं पोरगी म्हणली, "काकांनी वाचवला, आबा. तुमच्यापासनं."